फळ्याशेजारचा पडदा : सीमेवरच्या वर्गातील यंत्रे आणि मुलांची मराठी

मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका आहे. सगळे सुरळीत झाले तर एक-दोन वर्षांत पांढुर्णा किंवा सौंसर भागातील एखाद्या शासकीय प्राथमिक शाळेत शिकवत असेन. आमच्या अभ्यासक्रमात शिक्षणातील तंत्रज्ञान शिकवले जाते. परीक्षेत ‘तंत्रज्ञानाचे लाभ व मर्यादा लिहा’ असा प्रश्न आला की डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा मुद्दे मांडून काम भागते. इंटर्नशिपसाठी वर्गात उभी राहिले तेव्हा मला त्या बारा मुद्द्यांत नसलेला प्रश्न पडला. हे यंत्र कोणत्या भाषेत बोलते, आणि समोरचे मूल कोणत्या भाषेत ऐकते? या लेखात त्या एकाच प्रश्नाचा विचार केला आहे.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. 1956 पर्यंत छिंदवाडा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. माणसे मात्र होती तिथेच राहिली. सोयरीक, दवाखाना, संत्र्याची गाडी, बैलाची खरेदी, सगळ्यांची तोंडे अजून नागपूरकडेच असतात. 2023 साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्यपुनर्रचनेच्या वेळीच सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात 350-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. म्हणजे ज्या फेरमांडणीने आम्ही अल्पसंख्य झालो, तिच्याच सोबत हे आश्वासनही आले होते. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 देखील शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हणते. मध्य प्रदेश मंडळाच्या परीक्षेला मराठी हा भाषाविषय घेता येतो. पण माझ्या सराव-शाळेचे माध्यम हिंदी आहे, पुस्तके हिंदी आहेत आणि फळ्यावरचा सुविचार हिंदीत असतो. मधली सुट्टी झाली की पटांगणावर ‘मले दे ना’, ‘काहून रडून रायली?’ सुरू होते. काही मुलांच्या घरी गोंडी बोलतात, तीही या गलक्यात मिसळून जातात.

शाळेत एक मोठा स्मार्ट टीव्ही आहे. धूळ बसू नये म्हणून कोणीतरी जुन्या साडीची खोळ शिवून त्यावर घातली आहे. ती खोळ काढण्याचा मान मिळावा म्हणून चौथीच्या मुलांत भांडणे होतात. टीव्ही सुरू झाला की वर्ग शांत होतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ही शांतता म्हणजेच शिकणे वाटते. मला त्या शांततेची थोडी भीती वाटते. पाऊण तास गप्प बसलेल्या मुलाला काय कळले आणि काय निसटले हे शिक्षकाला समजायला मार्ग उरत नाही.

शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 पासून आहे. ते उघडल्यावर आधी बोर्ड, माध्यम आणि इयत्ता निवडावी लागते. महाराष्ट्राचे बोर्ड निवडले की मराठीतले भरपूर साहित्य समोर येते. पण ते तिथल्या पाठांना जोडलेले असते. आमची मुले ज्या पुस्तकांतून शिकतात, त्यांचे बोर्ड आणि माध्यम निवडले की हिंदी साहित्य येते. ज्याने ही चौकट आखली त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कुठेतरी चौकट आखावीच लागते. पण सौंसरचे मूल या चौकटीत दोन घरांत विभागले जाते. राज्य एका घरात, भाषा दुसऱ्या घरात. ही दोन घरे जोडण्याचे काम यंत्र करत नाही, ते शिक्षकाकडे येते.

माझ्या एका सरावपाठाचे उदाहरण देते. विषय होता शंभरपर्यंतच्या संख्यांची नावे. मुलांनी टीव्हीवर हिंदी ध्वनिचित्रफीत पाहिली आणि तिच्या मागोमाग सगळ्या संख्या खणखणीत म्हटल्या. मग मी टीव्ही बंद करून एकेक संख्या नावाने सांगितली आणि पाटीवर लिहायला लावली. ‘नवासी’ म्हटल्यावर चौघांनी नव्वदच्या घरातली संख्या लिहिली. घरी ज्यांच्या कानावर ‘नव्वद’, ‘ब्याण्णव’, ‘त्र्याण्णव’ पडते, त्यांना ‘नवासी’च्या सुरुवातीचा ‘नव’ ऐकून नव्वद आठवणे अगदी स्वाभाविक आहे. ती मुले ढिली नव्हती, ती मराठी कानाने हिंदी ऐकत होती.

मग फळ्यावर दोन रकाने आखले. 19 : एकोणीस, उन्नीस. 29 : एकोणतीस, उनतीस. 39 : एकोणचाळीस, उनतालीस. 49 : एकोणपन्नास, उनचास. 59 : एकोणसाठ, उनसठ. तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच एक मुलगी म्हणाली, “म्याडम, इकडं एकोण हाये, तिकडं उन हाये.” ‘एकोण’ म्हणजे एक उणे. वजाबाकीतला ‘उणे’ मुलांना माहीत होता. हिंदीतला ‘उन’ही तोच, हे फळ्यावर दिसताच वर्गात कुजबुज झाली. 69 ला एकोणसत्तर, उनहत्तर. 79 ला एकोणऐंशी, उनासी. आणि 89 ला दोन्ही भाषांनी वाटा बदलल्या. मराठी म्हणते एकोणनव्वद, म्हणजे नव्वदला एक कमी. हिंदी म्हणते नवासी, म्हणजे ऐंशीवर नऊ. चौघांच्या चुकीचे मूळ फळ्यावर आपोआप उघडे पडले. 99 ला तर दोघीही नियम सोडतात, नव्याण्णव आणि निन्यानवे. “मग एकोणशंभर काहून नाही?” असे एका मुलाने विचारले, आणि पुढची दहा मिनिटे वर्ग त्याच्या हातात होता.

या पाठात टीव्हीचा काहीच उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. त्यातले उच्चार स्वच्छ होते आणि माझ्या हिंदीपेक्षा ते बरे होते. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहणे त्या चित्रफितीला शक्य नव्हते, कारण ती बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन भाषांत जगणारे मूल नव्हते. महाराष्ट्रात 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’साठी ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा केवढा वाद झाला होता. जोडाक्षरांचा बोजा कमी करावा हा हेतू समजण्यासारखा होता. सीमेवरच्या वर्गात मात्र हा बोजा वाटणारा जुना शब्दच दुसऱ्या भाषेकडे जाण्याचा पूल होऊ शकतो, हे त्या वादात फारसे कोणाच्या मनात नसावे.

त्या दिवसापासून टीव्हीच्या रिमोटवरची मला सर्वांत आवडणारी कळ म्हणजे आवाज बंद करण्याची. जलचक्राची चित्रफीत मी नि:शब्द लावते आणि मुलांना सांगायला लावते. पहिल्यांदा मराठीत, बोलीत, कशीही. “पानी तापून रायलं, वाफ वर जाऊन रायली.” मग तीच फीत हिंदी आवाजासह. आता ‘वाष्पीकरण’ हा शब्द येतो तेव्हा त्याला बसायला जागा तयार असते. यात वेळ दुप्पट जातो, हे खरे. अभ्यासक्रम मागे राहतो म्हणून मला एक-दोनदा विचारणाही झाली. ज्येष्ठ शिक्षकांची ही काळजी खोटी नाही, परीक्षा हिंदीतच द्यायची असते.

तंत्रज्ञान वापरणारा शिक्षक म्हटले की आज महाराष्ट्रात रणजितसिंह डिसले यांचे नाव पहिले येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील या शिक्षकाला डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि त्यांनी दहा लाख डॉलरची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचे नाव निघाले की पुस्तकांवरच्या क्यूआर कोडची चर्चा होते, आणि आमच्या प्रशिक्षणातही तेवढेच सांगितले गेले. पण पुरस्काराच्या वेळी जी हकिकत प्रसिद्ध झाली तिचा आरंभ कोडपासून होत नाही. पुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती, मुले कन्नड बोलणारी होती. म्हणून आधी शिक्षकाने त्यांची भाषा शिकून घेतली, पाठांचे भाषांतर केले, आणि मग ते आवाज व चित्रे मुलांपर्यंत पोचवायला कोड छापला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे तो उलटा शिकवला जातो. आधी कोड तयार करायला शिका, त्यामागे काय ठेवायचे ते नंतर पाहू. माझ्या गटातल्या एका प्रकल्पात असाच एक कोड चिकटवला होता. तो उघडला की पुस्तकातले तेच पान पडद्यावर दिसायचे.

दुसरे उदाहरण जुन्या छिंदवाडा जिल्ह्याला लागून असलेल्या होशंगाबादचे, म्हणजे आताच्या नर्मदापुरमचे. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी तिथल्या 16 माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला, 1982 पासून एकलव्य संस्थेने सांभाळला आणि 2002 मध्ये शासनाने बंद केला. त्यात सहावी ते आठवीची मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करत, साध्या साहित्याचा संच शाळेला मिळे, आणि शिक्षक प्रशिक्षणात आधी तेच प्रयोग स्वतः करून पाहत. पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे अभियंता अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन याच कार्यक्रमात आले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून आकृत्या बनवण्याची त्यांची युक्ती तिथल्या दिवसांतली. तेही तंत्रज्ञानच होते. फरक इतकाच की ते मूल उघडून, मोडून, पुन्हा जोडू शकत होते. टीव्हीची खोळ काढायला मिळते, टीव्ही नाही.

असे उघडून पाहता येईल असे काही आजच्या यंत्रांत आहे का, याचा शोध घेताना मला कीबोर्ड सापडला. वाचकांना ही उडी विचित्र वाटेल. पण शाळेतल्या संगणकावर मराठी लिहायला बसा, म्हणजे सगळी भाषा सुटी होऊन हाताखाली येते.

आमच्याकडे टायपिंग म्हणजे बहुतेकांना कृतिदेव आठवतो. मध्य प्रदेशातील टंकलेखनाच्या दुकानांतून पिढ्या या फाँटवर शिकल्या. त्यात लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, कारण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि ‘ळ’लाही आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ल’ ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ळ’ येतो. मुलांना मी हे दाखवले तेव्हा त्यांनी आधी ‘बाल’ आणि मग ‘बाळ’ लिहिले. हिंदी पुस्तकात ‘बाल’ म्हणजे केस, आणि ‘बालदिन’ म्हटले की मूल. घरी ‘बाळ’, तर काही घरांत आजी ‘ळ’च्या जागी ‘य’ म्हणते, डोळ्याला डोया आणि काळ्याला काया. एका शिफ्टच्या कळीवर अर्धा तास भाषेच्या गप्पा झाल्या.

‘र’चेही तसेच. ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला की ‘ऱ्य’. हे न जमणारा लेखक ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ लिहितो आणि डोंगर समुद्रात बुडतो. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतला फरक तर लग्नाच्या पंगतीत कोणालाही कळेल. पडद्यावर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे का दिसतात, हेही मुले विचारतात. क्रमांक तोच, वळण फाँटप्रमाणे बदलते. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठीसाठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली, पण आमच्या संगणकात जो फाँट आला तोच आम्ही पाहतो. अक्षर हे कोणीतरी काढलेले असते आणि ते वेगळेही काढता येते, एवढे चौथीच्या मुलाला समजले तर त्या संगणकाने आपली किंमत वसूल केली असे मी म्हणेन.

उघडून पाहण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे आवाजी टंकलेखन. मोबाइलवर मराठी बोलून लिहिण्याची सोय 2017 च्या सुमारास आली. माझ्या फोनवर आम्ही वर्गात ती करून पाहिली. ‘मला पाणी पाहिजे’ नीट उमटले. ‘मले पानी पायजे’ म्हटल्यावर ‘मले’चे ‘मुले’ झाले. सगळे हसले. एक मुलगी हसली नाही. ती एरवी वर्गात फारसे बोलत नाही. तिने विचारले, “म्याडम, आपलं चूक हाये का?” याचे उत्तर देणे हे माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीचे काम आहे असे मला त्या क्षणी वाटले. मी तिला इतकेच सांगितले की यंत्राला जे ऐकवले गेले तेच ते ओळखते, आणि तुझ्या आजीला त्याने अजून ऐकलेले नाही. यंत्र ऐकून शिकते हे मुलांना पटकन समजते, कारण तीही तशीच शिकली आहेत.

आजकाल आमचे बरेच सहाध्यायी पाठयोजना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. मीही घेऊन पाहिली. ‘बाजार’ या पाठासाठी जी योजना आली तिची मराठी शुद्ध होती, उद्दिष्टे नीट मांडली होती आणि कृती म्हणून मुलांना जवळच्या मॉलचे चित्र काढायला सांगितले होते. तपासणाऱ्याला त्यात चूक सापडली नसती. अशा योजनेचा उपयोग मी आता कच्चा माल म्हणून करते. तिच्यातला मॉल काढून संत्र्याचा लिलाव घालणे, हे काम मला करावे लागते. पडद्यावर पांढुर्णा शोधला तरी तीच गत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार आणि उडणारे दगड, याच चित्रफिती आधी येतात. वर्षाचे उरलेले दिवस हे गाव काय करते, हे कोणीतरी पडद्यावर ठेवल्याशिवाय तिथे दिसणार नाही.

म्हणून शेवटच्या महिन्यात आम्ही उलट दिशेने काम केले. फोनचा उपयोग ऐकवण्याऐवजी ऐकून घेण्यासाठी केला. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना संत्र्याच्या बागेचे शब्द विचारले. आंबिया बहार, मृग बहार, झाडाला ताण देणे, पाणी सोडणे. काहींनी आवाज मुद्रित केले, काहींनी नुसते लिहून आणले. घरी फोन एकच आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर बागेत, अशी घरे बरीच आहेत. 2020 मध्ये शाळा बंद असताना अभ्यास व्हॉट्सॲपवर येत होता तेव्हा मी स्वतः विद्यार्थिनी होते, आणि दिवसाचा अभ्यास रात्री आठनंतरच पाहायला मिळे. त्यामुळे फोन असल्याशिवाय पूर्णच होणार नाही असा गृहपाठ द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकले आहे. मुलांचे आवाज फोनमध्ये ठेवण्यापूर्वी पालकांची परवानगी लिहून घेतली. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीवर भर देतो, आणि कायदा नसता तरी आजीचा आवाज आजीला न विचारता पुढे पाठवणे बरे दिसले नसते. गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुलांनी त्यांचे शब्द आणले तेव्हा ते लिहिताना मी त्यांची विद्यार्थिनी होते. ‘पुन्हा म्हण’, ‘अजून एकदा’, असे वर्गात प्रथमच माझ्याकडून इतक्या वेळा झाले.

आतापर्यंत यादीत साठेक शब्द जमले आहेत. ते मुलांनीच संगणकावर टंकले, चार ओळींना एक तास लागला तरी. बोलीचे रूप, प्रमाण मराठी, हिंदी आणि जिथे मिळाले तिथे गोंडी, असे रकाने आहेत. ‘मुले’ झालेली ‘मले’ पहिल्या ओळीत आहे, तो आग्रह त्या न हसलेल्या मुलीचा. एका ठिकाणी मात्र काम अडले आहे. ‘करून रायलो’ हे ‘रायलो’ लिहावे, ‘राह्यलो’ लिहावे की ‘राहिलो’ लिहून उच्चार शिक्षकावर सोडावा, यावर वर्गाचे एकमत होत नाही. मुलांचे बहुमत ‘रायलो’कडे आहे, कारण ‘असंच तं बोलतो’. प्रमाणभाषेशी नाते दिसावे म्हणून मला ‘राह्यलो’ बरे वाटते. बोलीतून लिहिणारे या अंकाचे वाचक याबाबत काय करतात, ते त्यांनी अकादमीच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. तूर्त दोन्ही रूपे ठेवली आहेत, एक माझ्या वहीत आणि एक त्यांच्या.